सैरेवर आलेला दीर

धाकूचा परवाना पौर्णिमेला संपत होता आणि त्याच्या वहिनीचे दिवस भरायला त्याहून उशीर होता. अडचण एवढीच. बाकी रत्नबेटावर सगळं छान होतं, आणि सगळं छान आहे असं म्हणणं तिथं परक्या माणसावर सक्तीचंच होतं.

धाकूचा थोरला भाऊ भिवा या बेटावर होड्या बांधायचा. इथल्याच मालनशी त्याने लग्न केलं. तिला दिवस गेलेले असताना एका वादळात तो समुद्रात गेला, तो गेलाच. निरोप पोचला तसा धाकू अंगावरच्या कपड्यांनिशी मिळेल त्या गलबतात चढला. बंदरावरचा अंमलदार गुणाजीपंत मोठा सज्जन माणूस. त्याने शांतपणे समजावलं की बाहेरच्यांना परवाने दोनच मिळतात, एक व्यापाराचा, एक सैरेचा. भाऊ मेल्याचा परवाना अजून निघालेला नाही. धाकूकडे विकायला काही नव्हतं. तेव्हा सैरेचा शिक्का बसला, आणि भाऊ गमावलेला धाकू सरकारदरबारी मौजमजा करायला आलेला पाहुणा ठरला.

सैरेचे नियमही मोठे प्रेमळ होते. पाहुण्याने काम करायचं नाही, तोंड पाडून हिंडायचं नाही आणि कुठलंही स्थळ अर्धवट पाहून जायचं नाही. हा शेवटचा नियम खुद्द रणमल्ल महाराजांचा. अर्धवट पाहणारा घरी जाऊन अर्धवटच सांगतो, आणि बदनामी राज्याची होते! दीपस्तंभाच्या अर्ध्या जिन्यात बसून धाकू रडायला लागला, तर शिपायांनी त्याला डोळे पुसायला लावले आणि वर नेलं. वरून समुद्र फार सुंदर दिसतो, असं ते म्हणाले.

"हो," धाकू म्हणाला, "आमच्या घरातल्या माणसाने तो फारच जवळून पाहिलाय."

वहिनीने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. फक्त एकदा भात वाढताना ती म्हणाली, "भाऊजी, बारशाला बाळाच्या कानात नाव बापाच्या घरच्यांनी सांगायचं असतं. ह्यांच्या घरचं तुमच्याखेरीज कोण आहे?"

धाकूचा स्वभाव आधी बोलायचं आणि मग घाबरायचं असा. नाव सांगितल्याशिवाय बेटावरून हलणार नाही, असं तो तिथल्या तिथं बोलून बसला आणि उष्ट्या हातानेच मुदत वाढवून घ्यायला गुणाजीपंताकडे धावला. पंताने सगळं ऐकून घेतलं, स्थळांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि अत्यंत खेदाने सांगितलं की बाळ हे प्रेक्षणीय स्थळ नाही. धाकू म्हणाला की हे तुमच्या राजानेच मला सांगावं, आणि तडक दरबारात घुसला. शिपायांनी त्याला धरलं खरं, पण तोवर तो सिंहासनासमोर पोचला होता.

रणमल्ल महाराजांना कुणी मागितलेलं सरळ दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शेजारी त्यांच्या आईसाहेब खलबत्त्यात पान कुटत बसल्या होत्या, कारण त्यांना दात उरले नव्हते. धाकूचं गाऱ्हाणं ऐकून महाराजांनी मिशीवर हात फिरवला.

"मुदत देतो. पण माझ्या राज्यातलं असं एक स्थळ सांग, जे मीही पाहिलेलं नाही. आणि आज पाहता येण्यासारखं असेल तर आज पाहायचं, उद्या गलबतात बसायचं."

दरबारात हशा पिकला. बेटावरचा दगडन्‌दगड महाराजांच्या पायाखालचा होता.

"आहे की," धाकू म्हणाला. "भिवा सुताराच्या घरी आहे. तुम्ही पाहिलं नाही, मी पाहिलं नाही, आणि जी ते पोटात घेऊन हिंडते तिनेही पाहिलेलं नाही."

हशा थांबला. गुणाजीपंत यादी घेऊन पुढे सरसावला, पण महाराजांनी त्याला हातानेच बसवलं. माझ्या राज्यात जे जन्मतं ते माझंच, म्हणजे स्थळही माझंच, हे त्यांना कबूल करावं लागलं. मात्र हार मानणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

"ठीक आहे. जन्मलं की बघ आणि त्याच दिवशी नीघ. बाळ बघायला कितीसा वेळ लागतो?"

"म्हणजे अर्धवट बघून जाऊ? मान धरलेली नसेल, तोंडात दात नसेल. रत्नबेटावर सगळं लुळंपांगळं आहे, असं सांगू गावात?"

महाराज चिडले. "मग माणूस पुरता पाहून होतो तरी कधी?"

"मी सैरेवर आलेला माणूस, मला काय कळणार? ज्यांना कळतं त्यांना विचारतो." धाकूने वळून हात जोडले. "आईसाहेब, तुमचं लेकरू पुरतं पाहून झालं का?"

खलबत्त्याचा आवाज थांबला. आईसाहेबांनी महाराजांना मुकुटापासून मोजड्यांपर्यंत न्याहाळलं.

"कुठलं रे बाबा," त्या म्हणाल्या. "साठीला आलाय, तरी रोज नवंच सोंग काढतो."

आधी महाराज हसले, मग दरबार. महाराज इतके हसले की मुकुट नाकावर आला. तो सावरत त्यांनी हुकूम दिला, की या पोराची मुदत बाळ पुरतं पाहून होईपर्यंत, बाळाला राजवाड्यातला सागवानी पाळणा, आणि बारशाच्या घुगऱ्या मुदपाकखान्यातून.

"आणखी काही हवं?"

"जरा रडायची परवानगी द्या, महाराज. भाऊ गेल्यापासून तेही अर्धवटच राहिलंय. दर वेळी मधेच उठवतात."

महाराजांनी मान हलवली. धाकू तिथंच, भर दरबारात, मांडी घालून बसला आणि पोटभर रडला. कुणी त्याला उठवलं नाही. आईसाहेबांनी त्याच्यापुढे पानाचा विडा सरकवला, आणि गुणाजीपंताने नियमाप्रमाणे त्या दिवसाची नोंद केली: पाहुणा आनंदात आहे.