शेजारणीची घागर

त्या दिवशी सकाळी दाट धुकं पडलं होतं. गवत दवानं ओलंचिंब, आणि गारठा असा की बोलताना तोंडातून वाफ निघावी. फार जुनी गोष्ट आहे ही, सावकाश ऐका.

एका राजाला टेकाडावर नवं शहर वसवायचं होतं. त्यानं एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं, त्याच्या डोक्यावर मानाचं पागोटं बांधलं आणि म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला शहर उभं पाहिजे. नाही झालं, तर हे पागोटं उतरवून घरी जायचं."

माणसं कामाला लागली. खणलेली माती शेजारच्या ओढ्यात लोटली की जमीन झटपट सपाट व्हायची. पायाभरणीचा मुहूर्त जवळ आला, तसा मिस्त्री त्या धुक्याच्या सकाळी अक्षत घेऊन टेकाडाखालच्या वाडीत आमंत्रणाला निघाला. तिथली रीत अशी, की अक्षत द्यायला गेलं की त्या घरचं पाणी घोटभर तरी प्यायचं. नाही प्यायलं तर आमंत्रण पोचलंच नाही म्हणायचं.

पहिलं घर एका माळिणीचं. तिनं पाट मांडला, पण पाणी आणायला आत गेली ती लवकर बाहेरच येईना. शेवटी मान खाली घालून तिनं तांब्या पुढं केला.

"दादा, पदरानं दोनदा गाळलंय. पण ओढाच गढूळ झालाय. राग मानू नका."

मिस्त्रीनं तांब्यात पाहिलं. त्याच्याच टेकाडाची तांबडी माती होती ती. तरी तो प्यायला. दाताखाली कचकच लागली.

"राग तू धरायचास, बाई," एवढंच तो बोलला.

परतल्या परतल्या त्यानं माती लोटणं बंद केलं. त्या मातीच्या विटा पाडल्या. गढूळ पाणी निवळावं म्हणून खड्डे खणले, ओढ्याच्या कडेनं माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावलं. काठावरची जांभळाची आणि करंजाची झाडं रस्त्यासाठी तोडायची ठरली होती, तिथं रस्ताच वळवून नेला.

मुकादम हसला. "मिस्त्री, ओढ्याशी सोयरीक केलीत का काय? दसरा काय तुमच्यासाठी थांबतोय होय?"

"नाही थांबला तर नाही. पागोटं गेलं तर डोकं जरा हलकं होईल."

आणि खरंच, दसरा हुकला. राजा तावातावानं आला. "वेशीचं काम अर्धवट, रस्ता वाकडा! उतरव ते पागोटं."

मिस्त्रीनं पागोटं उतरवून हातात घेतलं. म्हणाला, "महाराज, वास्तुशांतीची अक्षत मात्र वाडीला द्यायची राहिलीय. ती घरच्या मालकानंच द्यायची असते."

रीत ती रीत. राजा कुरकुरत वाडीत उतरला. माळिणीनं आज लगेच तांब्या पुढं केला. पाणी नितळ, गार, वाळ्याचा मंद वास असलेलं. राजानं तो तांब्या संपवला आणि आणखी एक मागितला. मग मिस्त्रीनं धुक्याच्या सकाळचं ते तांबडं पाणी कसं होतं, ते सांगितलं. राजानं ओढ्याकडं एकवार पाहिलं. त्यानं मिस्त्रीच्या हातातलं पागोटं घेतलं आणि आपल्या हातानं पुन्हा त्याच्या डोक्यावर बांधलं.

तात्पर्य इतकंच, बाळांनो: आपलं घर कसं झालं, हे शेजाऱ्याचं पाणी पिऊन ठरवावं.

मिस्त्री निघाला, तेव्हा माळीण दारापर्यंत आली. डोळे पुसून म्हणाली, "दादा, वर एवढं शहर झालं, पण आमच्या घागरीला ते कळलंसुद्धा नाही. आता अक्षत नसली तरी पाणी प्यायला येत जा."