एरंडाचं पान

त्या पठारावर तळं एकच होतं आणि ते दर उन्हाळ्यात आटत असे. पाणी संपायच्या आत गाढवांनी घाट चढून पलीकडच्या नदीकाठी जायचं, हा तिथला रिवाज होता. जो मागे राही, त्याची हाडं पुढच्या वर्षी वाटेत दिसत. त्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे.

गाढवं ओझी वाहत, म्हणून त्यांच्या पाठी दुखत, आणि पाठ दुखली की ती मुंगसाकडे जात. मुंगूस पठाराचा वैद्य. कुणाची आई कशानं गेली, कोण कशाला भितं, सगळं त्याला ठाऊक होतं.

कड्यावरच्या गरुडांनी हजारो पाठी न्याहाळून त्याला एक नियम धाडला होता. मागचे पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप भरला, तर रोग्याला तडक कड्याकडे पाठवा. एरवी त्याला सांगा, हे दुखणं बहुधा आपणहून जातं. निजून राहू नकोस, चालत राहा. आणि उगाच काळ्या डोहापाशी नेऊ नका. त्या डोहात कातडीच्या आतली हाडं दिसत, आणि वय झालेल्या बहुतेक पाठींत, दुखो वा न दुखो, एखादी रेघ असायचीच.

नियम मुंगसाला तोंडपाठ होता. पटलेलाही होता. पण नियम करायचा कड्यावर बसून आणि पाळायचा दारात उभं राहून. लंगडत आलेल्याला नुसते शब्द देऊन परत पाठवणं त्याच्या जिवावर येई.

होळीच्या सुमारास करडी नावाची गाढवीण आली. बरोबर तिचं शिंगरू होतं, नुकतंच उड्या मारायला लागलेलं. मुंगसानं तिचे पाय तपासले. पाय ठणठणीत होते.

"चालत राहा करडे, होईल बरं," तो म्हणाला.

"एवढंच?" करडीनं विचारलं.

तिचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना. "चल, डोहात एकदा बघून घेऊ. तुझ्या मनाला तेवढंच बरं."

डोहात रेघ दिसली. आलेली करडी आणि परत निघालेली करडी यांत फरक पडला. आता ती डोक्यावर मडकं असल्यासारखी जपून पाऊल टाकत होती. मुंगसानं तिच्या पाठीवर एरंडाचं पान बांधलं, अफूच्या बोंडांचा काढा पाजला आणि थोडं पडून राहायला सांगितलं. करडीनं त्याला तोंडभरून दुवा दिला. खरं सांगायचं तर त्या दुव्यानंच घात केला.

करडीला पान मिळालं, मग आम्हाला का नको, म्हणत शेजारी आले. मुंगसानं कुणालाच नाही म्हटलं नाही. डोहाची वाट रुळून पांढरी पडली. चैत्र सरेपर्यंत पठारावरची गाढवं पानं बांधून, डोळे जड करून आडवी झाली होती. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं म्हणतात. इथे ओझी उतरलेली होती आणि हेलपाटा घालायला कुणी उठत नव्हतं.

तळ्यात चिखल तेवढा उरला, तेव्हा मुंगूस घाबरला. तो धावत करडीकडे गेला.

"ऊठ करडे. आजच घाट चढायला हवा."

"वैद्यबुवा, पाठीतली रेघ तुम्हीच दाखवलीत ना? वाटेत मोडले म्हणजे?"

"अगं, ती रेघ सगळ्यांच्याच पाठीत असते."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

मुंगसानं तिला ढोसलं, विनवलं. ती उठायला गेली. पण इतके दिवस न वापरलेले पाय थरथरले आणि ती पुन्हा बसली. "बघा, म्हणत नव्हते मी?" ती म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता.

पठाराच्या कडेला तरस दिसू लागले होते. ते पळत आले नाहीत. सावकाश चालत, एकेका गाढवापाशी थांबून बघत ते पुढे येत होते.

शिंगरू आईला चिकटून पडलं होतं. तिच्यासारखीच मान जमिनीला टेकवून, तिच्यासारखंच हळू कण्हत. पळालं असतं, तर अजूनही त्यानं घाट गाठला असता.

"याला दुखत काही नाही अजून," करडी म्हणाली, "पण माझंच पोर आहे. आत्ताच एक पान बांधून ठेवा, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही."

मुंगसानं तरसांकडे पाहिलं. मग करडीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यातल्या त्यात कोवळं पान निवडून तो शिंगराच्या पाठीवर बांधू लागला.