वाढपाची दुसरी फेरी

"माझ्या सासऱ्यांना तुम्ही इथं जेवायला का वाढता?"

आक्का लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण सासरे?"

"माळवदे तात्या. दर गुरुवारी भजनाला येतात."

"पांढरी टोपी, बगलेत छत्री?"

"तेच."

"पंगतीत बसतात, म्हणून वाढते."

उज्ज्वला अजून उभीच होती. टेकडी चढून आल्यामुळं तिला दम लागला होता, पण बसायला तिचं मन तयार नव्हतं.

नदीपलीकडच्या त्या लहानशा मठात चंद्राआक्का चाळीस वर्षं राहत होत्या. त्यांचे गुरू गेल्यावर मठ त्यांच्याकडं आला. त्या प्रवचन करत नसत. गुरुवारी दुपारी भजन होई, मग पंगत बसे. येईल तो जेवे. कुणी काही विचारायला आलं, तर आक्का हातातलं काम न सोडता ऐकत, आणि बहुतेकांना थोडक्यात उत्तर मिळे.

"आक्का, लोकांना वाटतं मी म्हाताऱ्याला उपाशी ठेवते."

"ठेवतेस?"

"नाही."

हे 'नाही' खरं होतं. आक्कांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

उज्ज्वलाचा नवरा दिनकर सूतगिरणीत होता. दीड वर्षापूर्वी गिरणी बंद झाली. तेव्हापासून तो मिळेल ते काम करी. घरात पाच माणसं. बाकीची रडत बसली तेव्हा ही बाई पदर खोचून उभी राहिली. मंगळवारचा बाजार उठायच्या वेळी जायचं, म्हणजे भाजी निम्म्या दरात मिळते. फ्लॉवरचे दांडे टाकायचे नाहीत, त्यांची भाजी होते. कोथिंबिरीच्या काड्या आमटीत. मटकीला मोड आणले की मूठभराची वाटीभर होते. रविवारी सकाळी ती पुढच्या सात दिवसांचं ठरवून टाकी, कोणत्या वेळेला काय आणि कुणाला किती. दीड वर्षात तिनं दुकानदाराकडं उधार मागितलं नव्हतं. गल्लीतल्या बायका आता तिला विचारायला येत.

हे सगळं तिनं आक्कांना सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढत गेला.

"माझ्या घरात एक दाणा वाया जात नाही, आक्का. प्रत्येकाच्या ताटात त्याला पुरेल एवढं असतं. मोजून असतं. दीड वर्षात कुणी 'आणखी वाढ' म्हटलं नाही."

आक्कांचा हात थांबला.

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"बरं..." त्यांनी सोललेला लसूण तिच्यापुढं सरकवला. "मठात माणसं चोवीस. स्वयंपाकघराची भिंत पडली होती, तिचे गवंडी धरून. कोठी ती समोर. आजचा स्वयंपाक तू कर."

उज्ज्वलाला वाटलं होतं, आक्का समजूत घालतील, नाहीतर रागावतील. हे तिला आवडलं. हे तिला येत होतं.

तिनं कोठी उघडून पाहिली. मसूरडाळ बेताची. ज्वारीचं पीठ पुरेसं. भाजी काहीच नाही. ती मागच्या दारानं बाहेर गेली. तिथं शेवग्याचं झाड होतं, त्याच्या शेंगा कुणीतरी काढून नेल्या होत्या. तिनं पाला ओरबाडला. तासाभरात भाजी झाली. डाळीत तिनं भाजलेलं थोडं पीठ लावलं, आमटी दाट झाली. मठातल्या दोघी बाया भाकऱ्या थापायला होत्या. अठ्ठेचाळीस भाकऱ्या, अठ्ठेचाळीस पळ्या आमटी.

पंगत बसली. तिनं वाढलं. प्रत्येकाला दोन भाकऱ्या, दोन पळ्या, पाल्याची एक मूठ. हात कुठं चुकला नाही. शेवटच्या माणसाला वाढून झालं आणि पातेलं स्वच्छ झालं.

पंगत उठली. तिनं रिकामं पातेलं आक्कांपुढं आणून ठेवलं.

"बघा."

आक्कांनी आत पाहिलं.

"उत्तम केलंस. आमटी तर फारच चांगली होती. हे माझ्या हातून झालं नसतं."

उज्ज्वला हसली. दीड वर्षात कुणी तिला असं म्हटलं नव्हतं.

"त्या कडेच्या बाईनं अर्धी भाकरी शेजारणीच्या ताटात सरकवली," आक्का म्हणाल्या. "आणि लाल मुंडाशाच्या गवंड्यानं ताट बोटानं पुसून घेतलं. पाहिलंस?"

"नाही."

"तू काय पाहत होतीस?"

उज्ज्वलाची नजर खाली गेली.

"पातेलं," ती म्हणाली.

"उद्या ये. कालवण, भाकरी आजच्याइतकीच कर. काही गवंडी नसतील, भजनाची माणसं येतील; एकूण तेवढीच होतील."

"उद्या गुरुवार. तात्या येतील."

"येतील."

...

दुसऱ्या दिवशी भजन संपलं, तेव्हा आतलं सगळं तयार होतं. तात्या पंगतीकडं आले आणि स्वयंपाकघराच्या दारात त्यांना सून दिसली. ते जागीच थांबले. बगलेतली छत्री त्यांनी उगाच हातात घेतली. परत फिरावं का, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तात्या, इथं बसा," आक्का म्हणाल्या, आणि शेवटच्या जागेवर हात ठेवला.

ते बसले. सुनेकडं त्यांनी पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही.

आज वाढायला आक्का स्वतः निघाल्या. उज्ज्वला भाकऱ्यांची टोपली घेऊन त्यांच्या मागं. पहिल्या माणसाला आक्कांनी एकच पळी वाढली आणि एकच भाकरी वाढायला लावली.

"आक्का, दोन दोन आहेत," उज्ज्वला हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे."

चोवीस ताटं झाली. माणसं जेवू लागली. आक्का पुन्हा पहिल्या माणसाकडं आल्या.

"घे अजून."

त्यानं घेतलं. पुढच्यानं भाकरी घेतली, आमटी नको म्हणाला. कडेच्या बाईला नुसती आमटी हवी होती. लाल मुंडाशाच्या गवंड्यानं दोन भाकऱ्या घेतल्या आणि तिसऱ्या फेरीला आणखी एक. आक्का प्रत्येकाच्या समोर वाकत होत्या, विचारत होत्या, थांबत होत्या. नको म्हणणाऱ्याला एकदा आणखी विचारत, मग पुढं सरकत. कुणाची घाई नव्हती.

तिसऱ्या फेरीत पंगतीच्या टोकाला येण्याआधी त्यांनी पातेलं उज्ज्वलाच्या हातात दिलं.

"तात्यांना तू विचार."

"मी?"

आक्का तिच्या हातातली टोपली घेऊन उभ्या राहिल्या.

उज्ज्वला तात्यांच्या समोर गेली. ती वाकायच्या आतच तात्यांनी ताटावर हात आडवा धरला.

तो हात ती ओळखत होती. घरी रोज दिसायचा. दोन भाकऱ्या संपल्या की तो हात ताटावर यायचा, तात्या "झालं माझं" म्हणायचे आणि ती पुढच्या कामाला लागायची. तो हात म्हणजे तृप्ती, असंच ती समजत आली होती.

"तात्या, थोडं घ्या."

"झालं माझं."

"थोडंच."

"नको, पोरी. पुरे."

ती तशीच वाकून राहिली. शेजारची दोन माणसं जेवायची थांबून पाहत होती.  शेवटी जे खरं होतं तेच ती बोलली.

"उरलंय, तात्या."

त्यांनी वर पाहिलं.

"उरलंय?"

तिनं पातेलं त्यांच्या बाजूला कलतं केलं. आत तळाला चांगली चार-पाच पळ्या आमटी होती. तात्यांनी नीट वाकून पाहिलं.

"सगळ्यांचं झाल्यावर?"

"सगळ्यांचं झाल्यावर."

त्यांनी हात काढून घेतला.

तिनं वाढलं. त्यांनी भाकरी कुस्करली, आमटीत भिजवली. खाता खाता, ताटाकडंच बघत ते म्हणाले, "घरी तू ताटं भरूनच आणतेस. आत काय राहिलंय ते दिसत नाही. मी मागितलं, तर ते पोरांच्या वाटणीतलं की काय, कसं कळणार? इथं पातेलं समोर असतं."

 तिनं आणखी एक पळी वाढली. यावेळी त्यांनी हात आडवा धरला नाही.

पंगत उठल्यावर ती टोपलीत पाहत राहिली. सात भाकऱ्या शिल्लक होत्या. तिनं पुन्हा मोजल्या.

"आज कोणी कमी आलं होतं का?"

"चोवीस."

"मग कोणी उपाशी उठलं का?"

"तुला कोणी दिसलं?"

"नाही..."

"मलाही नाही."

"पण सगळ्यांना दोनदा-तीनदा विचारून वाढलं, तर जास्त लागायला हवं होतं, आक्का."

आक्कांनी टोपलीवर फडकं झाकलं.

"हो, लागायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

...

त्या दिवशी सासरा-सून एकत्रच टेकडी उतरले.  पुलावर आल्यावर तात्या म्हणाले, "रागावलीस?"

"तुमच्यावर नाही."

घरी गेल्यावर तिनं शिजवायचं काही वाढवलं नाही. बाजार तोच, दांडे तेच, काड्या त्याच. फक्त ताटं आतून भरून आणायचं बंद केलं. पातेलं आणि भाकऱ्यांची टोपली तिनं सगळ्यांच्या मधोमध ठेवली. आधी थोडं वाढायची. मग एकेकाला विचारायची.

पहिल्या दिवशी कुणी काही मागितलं नाही. सगळे नुसते पातेल्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मुलीनं विचारलं, "आई, अर्धी भाकरी कमी घेतली तर चालेल?" उज्ज्वला चमकली. पोरगी दीड वर्ष ती अर्धी भाकरी नको असताना संपवत होती, कारण आई चिडेल. त्याच जेवणात मुलानं ताट पुढं केलं आणि ती अर्धी भाकरी घेतली. दिनकर कामाचा दिवस असला की तीन घ्यायचा, नसला की दीडच. हे तिला इतकी वर्षं संसार करून माहीत नव्हतं.

तात्या चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाले, "आमटी आहे का गं?"

तिनं पातेलं कलतं केलं.

महिनाअखेर तिनं पिठाचा डबा उघडून पाहिला. पीठ दरवेळेपेक्षा दोन दिवसांचं जास्त उरलं होतं. ती डब्यात हात घालून थोडा वेळ तशीच बसून राहिली.

तात्या गुरुवारी अजूनही मठात जात होते. पण भजन झालं की उठायचे. कुणी पंगतीला बसा म्हटलं, तर म्हणायचे, "घरी वाट बघतात."

...

दोन महिन्यांनी उज्ज्वला पुन्हा टेकडी चढून आली. यावेळी गल्लीतल्या बायकांनी तिच्या मागं लकडा लावला होता. शनिवारी दुपारी आम्हाला शिकव, म्हणत होत्या. काय शिकवावं, हे तिला आक्कांना विचारायचं होतं.

"तुला येतं ते शिकव," आक्का म्हणाल्या.

"बाजार कसा करायचा ते सांगीन. काय टाकायचं नाही ते सांगीन. पण वाढायचं कसं, ते कसं शिकवू? त्याला माप नाही."

"नाही."

"मग?"

"त्यांना घरी जेवायला बोलाव. त्या बघतील."

उज्ज्वलानं मान हलवली. हे तिला पटलं. सोपं होतं आणि तिच्या हातातलं होतं. मग तिनं घरचं सगळं सांगितलं. मुलीचं, मुलाचं, दिनकरचं, तात्यांचं. कोण काय जास्त घेतो, कुणाला कशाचा कंटाळा आहे, कुणाचं 'नको' खरं आणि कुणाचं खोटं. बोलताना ती भरभरून बोलत होती. गेल्या वेळेसारखा तिचा आवाज चढला नव्हता.

आक्का शांतपणे ऐकत होत्या.

"आता मला प्रत्येकाची भूक कळते, आक्का. चेहऱ्यावरून कळते."

"तू कधी जेवतेस?"

"मी? सगळ्यांचं झालं की."

"कुठं?"

"आत. ओट्यापाशी."

"तुला कोण वाढतं?"

"मला कशाला कोणी वाढायला हवं? मीच..."

ती थांबली.

बाहेर पंगतीची ताटं मांडण्याचा आवाज येत होता. आक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यांनी भिंतीशी उभा केलेला एक पाट घेतला, जमिनीवर टाकला, पदरानं पुसला. त्यासमोर ताट ठेवलं. मग चुलीवरचं पातेलं फडक्यानं धरून आणलं आणि उज्ज्वलाच्या बाजूला कलतं केलं. तळापर्यंत दिसेल इतकं.

"आक्का, मी घरी जाऊन..."

आक्कांनी पळी भरून घेतली होती.

"बस," त्या म्हणाल्या. "आणि 'नको' म्हणायची घाई करू नकोस."