शेजारच्या दारातली पानं

फार पूर्वी जपान देशात, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात, एक छत्र्या बनवणारा राहत होता. बांबूच्या काड्यांवर तेल पाजलेला कागद ताणून तो छत्र्या बनवी, आणि छत्र्या खरोखर सुबक असत. त्याचं नाव तोकुजी. यातला ‘जी’ मूळ नावातलाच आहे, मी मानाने लावलेला नाही. ही गोष्ट सांगताना मला दर वेळी त्याचा राग येतो, हे आधीच सांगून टाकतो.

त्याची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना लाकडी घरं आणि दारादारांत चेरीची झाडं. वसंतात फुलं बघायला लांबलांबून माणसं येत. शरदात पानं गळायला लागली की मात्र कोणी फिरकत नसे, ती गल्लीतल्या माणसांनीच झाडायची. त्यासाठी एक जुनी रीत होती. रोज सकाळी आपल्या दारापुढचं अंगण झाडायचं, आणि शेजाऱ्याच्या हद्दीतलं फक्त वीतभर. तेवढंही झाडलं नाही तर माणूस आपमतलबी ठरे. वीतभरापेक्षा जास्त झाडलं, तर शेजाऱ्याला तोंडावर आळशी म्हटल्यासारखं होई.

त्या वीतभर जागेवर दोन शेजाऱ्यांचे झाडू भेटत, आणि मग दोन शेजारी बोलत. पाठ कशी आहे, झोप लागली का, कालचं मुळ्याचं लोणचं जरा खारटच झालं होतं, एवढंच. आणि ऊन वर आलं तरी एखाद्या दारापुढची पानं तशीच दिसली, तर कोणीतरी जाऊन ते दार वाजवी. आत कोण आजारी आहे, कोण पडलंय, हे गल्लीला पानांवरून कळे.

तोकुजीच्या शेजारी उमे आजी राहायची. पंचाहत्तरीची, एकटी, गवताच्या चपला विणून पोट भरणारी. लाकडी दांडक्याने पेंढा कुटून मऊ करायचा आणि विणत बसायचं, हे तिचं काम. जेवताना पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवायची. घरात शिरताना आपल्या चपला वळवून दाराकडे तोंड करून ठेवायची. सकाळी उठून अंगण झाडायची. असं जगण्याला काही नाव असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिचं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

तोकुजीचं मात्र अडलं. त्याला झोप लागेना. छातीत जळजळ होई. छत्रीचा कागद चिकटवताना हात थरथरत. त्याची बायको हारु हिने हजार वेळा सांगितलं की गिळू नका, चावून खा आणि वेळेवर झोपा. बायकोचं ऐकून बरं व्हायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे. शेवटी तो डोंगरावरच्या मठात दहा दिवस राहायला गेला.

चौथ्या दिवशी परत आला. हारुने विचारलं, इतक्या लवकर कसे? तर म्हणाला, सगळं समजलं.

तिथे तो काय शिकला होता, तर झाडायला. प्रत्येक फटकाऱ्याबरोबर एक श्वास मोजायचा. कानावर आवाज आला तर येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा, त्याच्यामागे धावायचं नाही. मठात हे ठीकच असेल, तिथे दाराबाहेर दरी होती आणि आवाज करायला फार तर माकडं.

घरी आल्यापासून त्याने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. भाताचा एकेक घास चाळीस वेळा चावायचा, आणि भांडी घासायची म्हणून हारु समोर ताटकळत बसलेली. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून त्यातली वाफ बघत राहायचा, ती संपली की चहा गार झाला म्हणून दुसरा मागायचा. गिऱ्हाईक छत्री न्यायला आलं की हा देवदारांच्या रानात श्वास घ्यायला गेलेला असायचा. हारुने एकदा चिडून विचारलं की इथला श्वास संपलाय का. त्यावर त्याने फक्त स्मित केलं. चिडलेल्या माणसासमोर असं स्मित करणाऱ्याला काय म्हणावं, मला तरी शब्द सापडत नाही.

एक मान्य करायला हवं, त्याला झोप लागायला लागली. जळजळही थांबली. पण त्यामुळे तो अधिकच चेकाळला.

अडचण अशी झाली की त्याच्या दारापुढची पानं दोनशे श्वासांतच संपत. मन लागायला सुरुवात होते न होते तोच अंगण लख्ख. उमे आजीच्या दारातलं झाड मात्र गल्लीत सगळ्यात मोठं होतं, तिच्या अंगणात पानांचा खच पडे. एका सकाळी तोकुजी वीतभर जागेवर थांबलाच नाही. श्वास मोजत मोजत तो पुढे गेला आणि तिचं सगळं अंगण झाडून काढलं.

आजी झाडू घेऊन बाहेर आली, तर झाडायला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली. हा त्याहून लवकर उठला होता, कारण पहाटे मन जास्त शांत असतं. तिसऱ्या दिवशी ती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

“तोकुजी, माझी पानं मला ठेव.”

“आजी, आता तुम्ही आराम करा. तुमची पानं म्हणजे माझी साधना आहे.”

“आणि मी काय करू?”

“निवांत बसा. श्वासाकडे बघा.”

आजीने त्याच्याकडे बघितलं, झाडूकडे बघितलं आणि आत गेली. झाडू तिने दारामागच्या कोपऱ्यात ठेवून दिला. त्या शरदात तो पुन्हा बाहेर आला नाही.

तीही हळूहळू बाहेर येईनाशी झाली. सकाळी उठायचं कशाला, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच पडला होता. चालणं कमी झालं तसे तिचे पाय आखडले. समोरचा टोफूवाला ज्याच्या त्याच्याजवळ कुरकुरत होता की हे रीतीला धरून नाही. पण त्या गल्लीत कोणी कोणाला तोंडावर बोलत नसे, म्हणून त्याने ते हारुला सांगितलं, आणि हारुने नवऱ्याला. तोकुजी म्हणाला, लोकांच्या मनात धूळ आहे, ती ज्याची त्याने झाडावी. हारुने कपाळाला हात लावला.

महिनाभरात गल्लीला सवय झाली. उमे आजीचं दार बंद दिसे आणि अंगण स्वच्छ दिसे. अंगण स्वच्छ आहे म्हणजे आजी ठणठणीत आहे, असं येणाराजाणारा मनात म्हणे आणि पुढे जाई. पानांवरून माणूस ओळखायची इतक्या वर्षांची सवय ती, कोणाला दोष देणार? मी एकालाच देतो.

मग एका दुपारी माळ्यावरून पेंढ्याची मोळी काढताना आजीचा आखडलेला पाय शिडीवरून घसरला. ती खाली पडली आणि मांडीचं हाड मोडलं. उठता येईना. ती मागच्या खोलीत होती, दार लांब होतं. तिने हाका मारल्या. घसा कोरडा पडला, हाका थांबल्या. हाताशी पेंढा कुटायचं लाकडी दांडकं होतं. सकाळ झाली, बाहेर झाडूचा आवाज आला, तसं तिने ते दांडकं जमिनीवर आपटायला सुरुवात केली. टक, टक, टक.

तोकुजी बाहेर झाडत होता. त्याला ती टकटक ऐकू आली. स्पष्ट ऐकू आली. आवाज आला, त्याने तो येऊ दिला. मग जाऊ दिला. एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा.

त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. टकटक आता मंद झाली होती आणि मध्येच थांबत होती. त्याचं लक्ष एकदाच विचलित झालं, पण त्याने ते परत श्वासावर आणलं. अंगण झाडून झालं, पानांचा ढीग नीट गोल रचला, आणि तो प्रसन्न मनाने न्याहारीला बसला.

आणि तो बायकोला अभिमानाने सांगायला लागला. म्हणाला, आज मला खात्री पटली की साधना पक्की झाली. दोन दिवस शेजारून सारखी टकटक चालली होती, पण माझा एक श्वास चुकला नाही.

हारुच्या हातातला डाव खाली पडला.

“कसली टकटक?”

“काहीतरी आपटत होतं. कसली ते मी बघितलं नाही. तेच तर शिकायचं असतं.”

“अहो, आजी दुपारनंतर पेंढा कुटते,” हारु म्हणाली. “सकाळी नाही.”

हे म्हणेपर्यंत ती दाराबाहेर पोचली होती. पायात चपला नव्हत्या. तोकुजी घास हातात धरून बसून राहिला, आणि त्याच्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी लखकन पेटलं. आजीचं दार त्याने शेवटचं उघडं कधी पाहिलं होतं? त्याला आठवेना. रोज त्या दारापासून हातभर अंतरावर तो झाडत होता, पानाचा देठ कुठे वळलाय ते त्याला दिसत होतं, आणि दार त्याने एकदाही बघितलं नव्हतं.

हारुने आणि टोफूवाल्याने दार सरकवलं तेव्हा आजी शुद्धीवर होती, पण ओठ फुटलेले आणि अंग गार पडलेलं. दांडकं अजून मुठीत होतं. हारुने तिला चमच्याचमच्याने कोमट पाणी पाजलं. हाडवैद्य आला, त्याने पाय बांधला आणि बाहेर येऊन सांगितलं की अजून एक दिवस गेला असता तर मला बोलवायची गरज नव्हती.

तोकुजी उंबऱ्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. कपाळ जमिनीला टेकवून तो काहीतरी पुटपुटत होता. आजीने त्याला जवळ बोलावलं. ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

“दोन्ही दिवस तुझ्या झाडूचा आवाज मला येत होता,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मला त्याचा येतोय, म्हणजे त्यालाही माझा येत असणार. आता येईल आत. म्हणून आपटत राहिले.”

आवाज आला नाही असं तोकुजीला म्हणता येईना, कारण आला होता.

तो सगळा हिवाळा आजी अंथरुणावर होती. गल्लीने पाळ्या लावल्या. ज्याची पाळी असेल त्याने आधी दार सरकवायचं, आजीला हाक मारायची, गरम सूप द्यायचं, दोन शब्द बोलायचे, आणि मगच तिचं अंगण झाडायचं. तोकुजी पहिली पाळी मागायला गेला. आजी म्हणाली, तुझी पाळी नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेला, तेच उत्तर मिळालं. हारुलाही त्याची कीव आली नाही. पूर्ण हिवाळा तो स्वतःचं अंगण झाडायचा, वीतभर पुढे जायचा आणि तिथेच थांबून राहायचा. समोर दुसरं कोणीतरी आजीच्या दारातला बर्फ लोटत असायचं. त्याची झोप परत गेली. जळजळ परत आली. श्वास मोजायचं त्याच्याने होईना, कारण डोळे मिटले की त्याला टकटक ऐकू येई.

वसंत आला. बातमी आली की आजी काठी घेऊन उभी राहते आहे, आणि उद्यापासून कोणी पाळीला यायचं नाही असं तिने बजावलं आहे.

त्या सकाळी तोकुजी झाडू घेऊन बाहेर आला. रात्रीतून फुलं गळली होती आणि गल्लीभर पाकळ्या पसरल्या होत्या. त्याने आपलं अंगण झाडलं, वीतभर पुढचं झाडलं आणि थांबला. आजीच्या दारात पाकळ्या तशाच पडून होत्या. ऊन टोफूवाल्याच्या कौलांपर्यंत आलं, मग खाली उतरलं. दार बंदच. एवढं अंगण झाडून टाकायला त्याला शंभर श्वास पुरले असते. हात शिवशिवत होते. त्याने झाडू भिंतीला टेकवला, पुढे गेला आणि दार वाजवलं.

आतून काही नाही. त्याने पुन्हा वाजवलं, या वेळी मुठीने.

“आजी, बऱ्या आहात ना?”

“कान फुटले माझे,” आतून आवाज आला. “काठी सापडत नव्हती. येतेय.”

दार सरकलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाडू घेऊन उमे आजी बाहेर आली. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तोकुजीचे डोळे भरले होते आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

“झोपलास का काल?” तिने विचारलं.

“नाही, आजी.”

“आज लागेल.”

मग ती झाडायला लागली. सावकाश, थांबत थांबत, मध्ये दोनदा धापा टाकत. त्याला मदत करावीशी वाटली आणि तो जागचा हलला नाही, ते त्याला सगळ्यात जड गेलं. तिचं अंगण संपलं. ती त्याच्या हद्दीपाशी आली, वीतभर पुढे गेली, त्याने आधीच स्वच्छ केलेली ती वीतभर जागा तिने पुन्हा झाडली, आणि थांबली.

तात्पर्य: मन शांत झालं की नाही ते सावकाश बघा, आधी शेजारचं दार उघडलं की नाही ते बघून या.