निलूची गूळतुला

"अठ्ठावीस म्हणजे नापास का रे?"

आमच्या मठाच्या अप्पांनी विचारलं ते अगदी निवांतपणे, भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता. पुढ्यात मन्मथ सर बसले होते. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला मुलीचा निकाल.

मन्मथ सर म्हणजे साधा माणूस नव्हे. लातुरात त्यांचा मोठा क्लास आहे. कुणाचं पोरगं कशात मागं आहे, हे ते निकालावर नुसती नजर टाकून सांगतात, आणि आईबाप माना डोलावत घरी जातात. लहानपणी मात्र ते आमच्याच मठाच्या वसतिगृहात होते. बाराखडी अप्पांनीच गिरवून घेतली. त्यामुळं जगात सर असले, तरी इथं नुसते मन्मथा.

नापास नाही, सरांनी समजावलं. या चाचणीत पास-नापास नसतंच. देशभरातली त्या वयाची पोरं एकच पेपर सोडवतात. मग बघतात, कोण कुठं आहे. शंभर पोरं एका रांगेत उभी केली, तर निलूच्या मागं अठ्ठावीस. बाकीची सगळी पुढं.

"रांग कशाची?"

"कशाची म्हणजे?"

"प्रसादाची, रेशनची, दवाखान्याची... काहीतरी असंल की."

सर हसले नाहीत. "हुशारीची, अप्पा."

अप्पांनी एक शेंग फोडली आणि दाणे निलूच्या तळहातावर ठेवले. होय, पोरगी तिथंच बसली होती, त्यांच्या शेजारी, पाय पोटाशी घेऊन. सहा वर्षांचं लेकरू. दोन वेण्या, लाल रिबिनी. बाप तिच्याबद्दल बोलतोय आणि ती एकेक दाणा चावत ऐकतीय.

खरं सांगतो, मला या माणसाचा रागच आला. मी मठात स्वयंपाकाचं बघतो, भात चुलीवरून उतरवून पडवीत टेकलो होतो. असल्या गोष्टीत तोंड घालायचा मला अधिकार नाही. पण लेकरासमोर असं बोलतात का कुठं?

"मग कागद खोटा म्हणतोस?" अप्पांनी विचारलं.

"नाही. कागद बरोबर आहे."

"मग झालं की."

"झालं कसं, अप्पा..."

सरांनी पिशवीतून निकाल काढला, उलगडला, पुन्हा घडी घातली. किती वेळा असं केलं असेल कुणास ठाऊक, घडीवरचा कागद पार विरून गेला होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोलापूरच्या पलीकडं एक निवासी शाळा आहे. मागं पडलेल्या पोरांना लहानपणीच उचलून वर आणतात म्हणे. सकाळी पाचला उठवायचं, पाठांतर, गणितं, रात्री पुन्हा पाठांतर. दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी सोडतात. सरांनी प्रवेश घेऊन ठेवला होता. निलूची बॅग बाहेर गाडीत होती. मठात नवस फेडायचा आणि इथूनच तिला तिकडं पोचवायचं, असा बेत.

अप्पांचा आशीर्वाद पाहिजे होता त्यांना. म्हणजे अप्पा 'जा' म्हणाले की झालं.

अप्पांनी पुढची शेंग सोलायला घेतली.

...

नवस महानंदाचा होता. महानंदा म्हणजे सरांची बायको. निलू झाली तेव्हा मुठीएवढी होती, काचेच्या पेटीत ठेवलेली. तेव्हा महानंदा ओली बाळंतीण, तशीच रिक्षात बसून इथं आली होती. हे लेकरू जगलं तर पहिलीला जाईल त्या वर्षी गुळानं तोलीन, असं बोलून गेली. लेकरू जगलं. महानंदा दोन वर्षांमागं तापाचं निमित्त होऊन गेली.

काय बाई होती. मठात पंगत असली की पानं मांडतानाच सांगायची, दादा, भात एवढा लागेल, आमटी एवढी पुरेल. आणि तेवढंच लागायचं. नुसते ओठ हलायचे तिचे. हिशेब आत कुठंतरी व्हायचा.

"महानंदा आठवते का रे?" अप्पांनी एकाएकी विचारलं.

सरांनी मान खाली घातली.

"अप्पा, एक सांगू? तुम्हाला म्हणून सांगतो."

"सांग."

"हा निकाल यायचा होता ना, मी महिनाभर वाट बघितली. रोज शाळेत फोन. लोक म्हणाले, सर, तुम्हीच एवढे अधीर झालात? मला वाटायचं, महानंदाचं डोकं हिच्यात उतरलं असणार. निकालात दिसेल. गणिताच्या रकान्यात दिसेल. ती आहे कुठंतरी, एवढं तरी कळेल." ते थांबले. "मी निलूचा निकाल बघतच नव्हतो, अप्पा. मी हिच्या आईला शोधत होतो."

"मग? सापडली?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. एवढा मोठा माणूस, उपरणं तोंडाला लावून बसला. माझा राग कुठल्या कुठं गेला. काय बोलायचं अशा माणसाला?

अप्पांनी हात पुढं केला. सरांना वाटलं, निकाल मागतायत. त्यांनी दिला. अप्पांनी चष्मा न लावताच तो निलूपुढं धरला.

"ह्यात तू काय काय लिहिलंस, बाळ?"

मध्येच सर म्हणाले, तिला नाही कळायचं, हा निकाल आहे, पेपर वेगळा असतो. आणि मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. पेपरच त्यांनी सांगितला. शाळेत जाऊन बघून आले होते ते. पहिली चार पानं निलूनं नीट सोडवली होती. पाचव्या पानापासून कोरं. सगळं कोरं. हिचं लक्ष टिकत नाही, असं शाळेच्या बाईंनी लिहून दिलं, आणि सरांनाही ते पटलं होतं. कारण पाचव्या पानावर अवघड असं काहीच नव्हतं. एक चित्र होतं. घराच्या उंबऱ्यात उभी असलेली बाई, हातात पिशवी. प्रश्न एवढाच, की ही बाई घरी येत आहे की घरातून जात आहे.

"सोपा प्रश्न आहे, अप्पा. असले शंभर प्रश्न मी पोरांकडून घोटून घेतलेत. फक्त तोंड कुठं आहे ते बघायचं."

अप्पा निलूकडं वळले.

"होती का गं अशी बाई?"

निलूनं मान हलवली. होती.

"मग? पुढं काय केलंस?"

निलूनं बापाकडं बघितलं. मग अप्पांकडं. मग हातातल्या दाण्यांकडं बघत म्हणाली,

"मला कळेना ती येतीय का जातीय."

"मग?"

"मग मी थांबले."

"किती वेळ?"

"बाईंनी पेपर घेतला तवर."

...

मी सरांकडं बघितलं. ते सवयीनं पुढं झुकले होते, चुकलेल्या पोराला समजावून सांगायला झुकतात तसे. बोट उचललं होतं.

"निलू, बघ... तिचं तोंड बाहेर होतं ना? म्हणजे ती जा..."

बोट तसंच हवेत राहिलं.

निलू वाट बघत होती. उत्तर ऐकायचं होतं तिला. सहा वर्षांच्या लेकराचे डोळे असे असतात हे मला माहीत नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, की ती बाई येतीय का जातीय. आणि लातुरातल्या एवढ्या नावाजलेल्या मास्तराला ते सांगता येईना.

अप्पांनीही सांगितलं नाही. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चला. नवस राहिलाय."

आमच्या सभामंडपात तुळईला मोठा तराजू टांगलेला आहे. लाकडी पारडी, जाड साखळ्या. मठाच्या गादीवर नवे गुरू बसतात तेव्हा त्यांची तुला ह्यातच होते, त्यामुळं चांगलं मोठं माणूस पेलतो. एरवी लोक आपली लेकरं तोलतात. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ. गुळाचं पारडं जड होऊन लेकरू वर उचललं गेलं की नवस फिटला. मग तो गूळ गावात वाटून टाकायचा. लेकराचं वजन किती भरलं, हे आमच्यात कुणी विचारत नाही आणि कुणी लिहूनही ठेवत नाही.

सरांनी गुळाच्या ढेपा आणल्याच होत्या. गाडीतून त्या मी उतरवल्या, मांडून ठेवल्या. निलूची बॅग तिथंच मागच्या सीटवर होती. नवी कोरी, वर तिचं नाव आणि शाळेचं नाव लिहिलेलं.

"दादा, तुम्ही बसवा की हिला," सर मला म्हणाले.

मी हात मागं घेतला. रीत अशी आहे, की ज्यानं नवस बोलला त्यानंच लेकरू उचलून पारड्यात ठेवायचं. दुसऱ्याचा हात लागायचा नाही. एवढी वर्षं इथं राहिलेल्या माणसाला हे मी सांगायचं?

"बोलली ती तर नाही आता," अप्पा म्हणाले. "मग तुलाच उचलावं लागेल."

"माझ्यानं होणार नाही."

"एवढीशी तर आहे."

"तसं नाही, अप्पा." त्यांचा आवाज पार खाली गेला. "माझी आई हिच्या डोक्याला महानंदाचंच तेल लावते. तोच वास. जवळ घेतलं की माझं काही खरं राहत नाही. मी... ती गेल्यापासून मी हिला उचललंच नाही."

मंडपात आम्ही चौघंच. निलू पारड्याची साखळी धरून उभी. तिनं ते ऐकलं की नाही, देव जाणे. दोन वर्षं बापानं उचललं नाही, हे तिला ऐकून कळायचं थोडंच होतं.

अप्पा जाऊन खांबाला टेकून बसले. म्हातारा माणूस हट्टाला पेटला की काय असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळ झाली असती तरी ते तिथून हलले नसते.

बऱ्याच वेळानं सर पुढं झाले. वाकले. दोन्ही हात निलूच्या काखेत घातले, आणि उचलली.

उचलली, आणि तसेच उभे राहिले.

"जड झालीय," ते म्हणाले. आमच्यापैकी कुणाला नाही, असंच. "केवढी जड झालीय ही..."

निलूनं दोन्ही हात त्यांच्या मानेभोवती टाकले. तोंड खांद्यात खुपसलं. सर तिला पारड्यात ठेवायला वाकले, तर पोरगी सुटेना. पाय पारड्याला लागले तसे तिनं वर ओढून घेतले. रडली नाही, बोलली नाही, फक्त धरून राहिली. सरांनी हळूच तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. एक हात सुटला की दुसरा घट्ट. मग त्यांनीही सोडवायचं बंद केलं. तोंड तिच्या केसांत होतं त्यांचं, आणि ते हुंदके देऊन रडत होते. दोन वर्षांचं सगळं. मी दुसरीकडं बघितलं.

"अप्पा, ही उतरत नाही," शेवटी ते म्हणाले.

"मग तूही बस."

"मी?"

"बस की. पेलतो तो."

सर पोरीला घेऊन पारड्यात बसले. इस्त्रीचा शर्ट, पाय दुमडून, मांडीवर लेकरू. पारडं धपकन जमिनीला टेकलं. मी पलीकडं ढेपा ठेवायला लागलो. एकेक करून होत्या तेवढ्या सगळ्या ठेवल्या. गूळ आणला होता एका लेकरापुरता. पारडं ढिम्म हलेना. मी आत जाऊन कोठीतला मठाचा गूळ आणला, तोही घातला. साखळी जरा करकरली, बस.

निलूनं तोवर डोळे मिटले होते. बापाच्या खांद्यावर गाल ठेवून ती एकसारखा श्वास घेत होती. झोपली होती की काय, कुणास ठाऊक.

सरांनी पलीकडच्या पारड्याकडं बघितलं. मग डोळे पुसून, जरा अवघडूनच, अप्पांकडं.

"अप्पा, हे कमी पडतंय. हिला झोप लागलीय, आता सोडवता येईल. मी उतरतो, हिला एकटीला ठेवू. शाळेतही पोचवायचंय हिला अजून."

"पडू दे कमी," अप्पा म्हणाले. "तू उतरू नको."