हरणाचा चौथा पाय

“पण काढलं कशासाठी, बुवा?”

परशुरामाने पुन्हा तेच विचारलं. गावावरच्या उंच, उघड्या सड्यावरचा काळा कातळ उन्हाने तापला होता आणि त्यात कोरलेल्या भल्यामोठ्या हरणापुढे तो सकाळपासून मांडी ठोकून बसला होता. कुण्या आदिकाळच्या माणसाचं काम ते. तीन पाय पुरे, चौथा अर्धाच.

त्याचे गुरू सोमगिरीबुवा केरसुणीने खाचांतली माती काढत होते.

“तुला काय वाटतं?”

“शिकार मिळावी म्हणून केलेला तोडगा असेल. नाहीतर त्यांचा देव. पावसाला घातलेलं साकडंही असेल.” परशुराम बोलत सुटला. विद्वत्तेला काय तोटा! “गावातले म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरलं, कोंबडा आरवला म्हणून पाय राहिला. म्हणोत बापडे! खरा अर्थ कळल्याशिवाय मी इथून हलायचा नाही.”

“धोंडू काय म्हणत होता?”

परशुरामाचा चेहरा उतरला.

धोंडू, त्याचा धाकटा भाऊ, सकाळीच सडा चढून आला होता. आईने अंथरूण धरलंय, दादा. सारखं तुझंच नाव घेते. आजचा दिवस निघेलसं वाटत नाही...

हो पुढे, आलोच, असं त्याने सांगितलं होतं.

“जाईन की. एवढं उलगडलं की निघतोच.”

खरं तर त्याला भीती वाटत होती. आईला जाताना बघायची छाती होत नव्हती, आणि हे हरीण आडोशाला बरं सापडलं होतं.

बुवांनी त्याचं बोट धरून हरणाच्या मानेवरच्या खाचेत ठेवलं. पाठीवरून, शेपटीवरून हळूहळू फिरवत चौथ्या पायाशी आणलं. खाच उथळ झाली. मग नुसते टोचे लागले. मग सपाट कातळ.

“पुढे?”

“पुढे काही नाही.”

“का नाही?”

“हातातला दगड फुटला असेल. कुणी चालून आलं असेल...”

बुवांनी नकारार्थी मान हलवली.

“मग काय झालं, बुवा?”

बुवांनी खाली गावाकडे पाहिलं.

“हाक आली असेल.”

“आणि एवढं कोरलेलं अर्धं टाकून गेला?” परशुरामाने बोट मागे घेतलं.

बुवांनी केरसुणी उचलली.

“शहाणा होता. उठला.”