ओ

“मग कुंभाराला कोणी घडवलं?”

रेवतीचा आवाज मठाच्या ओसरीत जरा जास्तच घुमला. भार्गवीमाईंनी मान वर केली नाही. मांडीवर पिंजलेला कापूस घेऊन त्या वाती वळत होत्या.

“मडकं आहे, म्हणजे कुंभार आहे. जग आहे, म्हणजे देव आहे. हाच ना तुमचा पुरावा, माई? मग कुंभार कुठून आला?”

“मोडलास,” माई म्हणाल्या. “पुढचा?”

रेवती चमकली. तत्त्वज्ञानात एम. ए. केलेली ही मुलगी एसटीचे धक्के खात इथवर आली होती ती कडकडून भांडायला. माई काशीला न्यायशास्त्र शिकलेल्या. एके काळी भल्याभल्यांना त्यांनी वादात गप्प केलेलं. आणि ही बाई एका शब्दात हार मानते?

“बरं. तो सर्वशक्तिमान आहे म्हणता, आणि दयाळूही. माझी आई उन्हाळाभर अंथरुणात तळमळत होती. त्याला ते थांबवता येत नव्हतं, तर शक्ती कुठे गेली? येत असून थांबवलं नाही, तर दया कुठे गेली?”

“दोन्ही एकदम टिकत नाहीत खरं.”

“आता म्हणाल, तो निर्गुण आहे.”

“म्हणणारच होते.”

“ज्याला कुठलाच गुण नाही, त्याच्या असण्यात आणि नसण्यात फरक काय?”

“मला तरी अजून सापडला नाही.” माईंनी वात दोन तळहातांत घोळवली. “चहा घेशील?”

“तुम्ही मोठी माणसं सगळी सारखीच! प्रश्न विचारला की चहा विचारता. बाबांना म्हटलं, आई कुठे आहे? तर म्हणे, देवाघरी. म्हटलं, मग देव कुठे आहे? तर म्हणे, असं विचारू नये!”

माईंची बोटं थांबली.

“एवढी खात्री आहे तर पुरावे मोडत का हिंडतेस गं? नाही म्हणावं, आणि घरी जाऊन निवांत झोपावं.”



एक गोष्ट रेवतीनं कोणालाच सांगितली नव्हती. प्रत्येक पुरावा मोडताना तिला आतून वाटायचं, हा तरी मोडू नये. देवाचं घरच नसेल, तर आई कुठे असेल?

“एक तरी असा द्या,” ती हळूच म्हणाली, “जो मला मोडता येणार नाही.”

“माझ्यापाशी नाही, पोरी.”

“मग माझा ऐका. मी हाक मारून पाहिली, माई. त्यालाही, आईलाही. घसा बसेपर्यंत. ओ आली नाही. हाकेला ओ येत नाही, म्हणजे तिकडे कोणी नाही. हा माझा पुरावा. मोडा.”

माईंनी निरांजन पुढे ओढलं.

दिवेलागण झाली होती. कुंपणापलीकडे वस्तीतली पोरं अजून धुळीत लोळत होती. कुठल्याशा दारातून एका बाईनं लांब हेल काढून हाक मारली.

“बयोऽऽ...”

“ओऽऽ!”

ओ देऊन रेवती उभी राहिली होती. एक पाय ओसरीच्या पायरीवर. दुसरा पुढे निघालेला.

पलीकडे दोन वेण्यांची एक पोर धावत सुटली आणि घरात शिरली. आत भांडी वाजली. मग दार लागलं.

रेवती त्या दाराकडे बघत राहिली. आई गेल्यापासून तिला ‘बयो’ म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

...

“सवय,” ती म्हणाली. “नुसती सवय, माई. ती हाक मला नव्हतीच.”

माईंनी निरांजनात तूप ओतलं, नवी वात भिजवली आणि काडी ओढली. उजेडात रेवतीचे गाल चमकले. माईंनी तिकडे पाहण्याचं टाळलं.

“हाक तुला नव्हती, कबूल...” त्या म्हणाल्या. “आता ती ओ मोडून दाखव.”